कार्तिकातला आमरस

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं. भिंतीपलीकडे चादरींचे माग होते. सकाळी ते सुरू झाले की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची, आणि आई दुधाचं पातेलं मागायची तेसुद्धा पुढच्या चौकातल्या माणसाला हाक मारल्यासारखं. नवे पाहुणे आधी जरा घाबरून बसायचे, मग तेही ओरडायला लागायचे आणि घराला जत्रेची कळा यायची. गंमत वीज गेल्यावर व्हायची. माग एकदम थांबायचे, पण आमचे गळे काही लगेच खाली यायचे नाहीत. त्या मधल्या एखाद्या वाक्यात आमच्या घरातली किती गुपितं गल्लीभर गेली आहेत, याचा हिशेब नाही. अजूनही मी फोनवर बोलायला लागले की माझी मुलगी हातानं 'हळू' अशी खूण करते. मी मान डोलावते आणि त्याच पट्टीत पुढे बोलत राहते.

घरात आम्ही पाच माणसं. बाबा एका कचेरीत कारकून, आई, माझी थोरली बहीण वंदनाताई, मी, आणि बाबांची मोठी बहीण मालूआत्या. आत्याचं लग्न राहून गेलं की तिनं ते राहू दिलं, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही तिच्या पाठीमागेच मांडली जायची. ती मुलींना शिवण शिकवायची आणि उरलेल्या वेळात आम्हाला चालवायची. तिच्या राज्यात काहीही वाया जायचं नाही. कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी व्हायची, आंब्याच्या कोयी फोडून आतला गर वाळवला जायचा, शिळ्या भाकरीचा कुस्करा व्हायचा. शेंगाची चटणी ती उखळात स्वतः कुटायची, तेल सुटेपर्यंत, आणि कुटताना आम्हाला पाढे म्हणायला लावायची, कारण मागांच्या आवाजात पाढे म्हटले की पोरांचा आवाज सुधारतो असं तिचं म्हणणं होतं. आईनं तिच्याशी कधी वाद घातला नाही. 'वन्सं म्हणतील तसं' हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि ते ती किती वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणू शकते हे फक्त आम्हा दोघी बहिणींनाच कळायचं.

आत्याचा खरा सण म्हणजे आंबा. उन्हाळ्यात मार्केट यार्डातून रसाचे आंबे यायचे, पायरी आणि गावरान, आणि दोन दिवस घर नुसतं चिकट व्हायचं. दाराच्या कड्या, रेडिओचं बटण, बाबांचा चष्मा, सगळं चिकट. आंबे पाण्यात पडायचे, आम्ही घंगाळाभोवती बसून पिळायचो, कोपरांवरून रस ओघळायचा आणि माश्या आमच्या डोक्यांवर घोंघावत राहायच्या. खाऊन उरलेला रस बादल्यांत भरून, वर फडकं बांधून, सायकलरिक्षातून एका केंद्रावर जायचा. तिथे रस डबाबंद करून घेता यायचा. डबे तिथेच विकत घ्यायचे, रस गरम करून भरायचा, यंत्रानं झाकण दाबून बसवायचं, भरलेले डबे मोठ्या पिंपात उकळायचे आणि मग गार पाण्यात सोडायचे. सगळं काम आपणच करायचं, केंद्रातल्या बाई फक्त देखरेखीला. मला त्यातला शेवटचा भाग फार आवडायचा. गार पाण्यात डबे निवायला लागले की त्यांची झाकणं आत ओढली जायची आणि टक् असा आवाज यायचा. एक टक् इथे, एक तिथे, मग चार एकदम. मी हौदाच्या काठावर बसून त्या टकटकीवर डुलत असे.

त्या वर्षी आंब्याच्या ऐन मोसमात मोडनिंबचा मामा टेम्पो घेऊन दारात आला. टेम्पोत पपया. अंगणात, ओट्यावर, न्हाणीघराच्या तोंडाशी, जिकडे बघावं तिकडे पपया. "औंदा भावच न्हाय," मामा कपाळ पुसत म्हणाला. "फुकट बी कुणी घेईना. तुमी खावा, वाटा, न्हायतर गाईला घाला." आमच्याकडे गाय नव्हती. आम्ही पपई खाल्ली, गल्लीत वाटली, मागावरच्या माणसांना दिली, बाबांनी कचेरीत नेली. तरी पपया संपेनात, उलट एकेक करून पिकायला लागल्या. आत्या त्यांच्यामध्ये कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जो उजेड पडला तो मला आजही दिसतो. आंब्याचा रस केशरी, पपईचा गरही केशरी. आंबा गोड, पपईही गोड. मग घालावी की थोडी सोबतीला.

निव्वळ आंब्याचा पहिला घाणा आधीच डबाबंद होऊन आला होता. दुसऱ्या घाण्यात पपई गेली. आधी थोडी, मग थोडी अजून, आणि शेवटी पातेल्यात कोण कुणाच्या सोबतीला आहे हे सांगता येणार नाही इतकी. आम्ही हसून हसून लोळत होतो. ताई म्हणाली, आंब्याला माहेरचं माणूस भेटलं. आत्यानं वरच्या बादलीत मात्र शुद्ध आंबा ठेवला, आणि केंद्रातल्या बाईंनी "आंबाच ना?" असं विचारल्यावर फडकं सारून म्हणाली, "वास घ्या की." बाईंनी वास घेतला. डबे आंब्याच्या हिशेबानं उकळून निघाले.

इथे मला थांबून थोडं सांगायला हवं, कारण हल्ली माझं कामच ते आहे. मी मुलींच्या वसतिगृहाची खानावळ चालवते आणि फळ धुतल्याशिवाय सुरी लावली तर मला लगेच कळतं. सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. कापलेली पपई उन्हाळ्यात उघड्यावर ठेवणं म्हणजे जंतूंना जेवायला बोलावणं. आणि डब्यातल्या फळाचं असं आहे की, आंब्याला त्याचा आंबटपणा राखतो. उकळण्यातून काही चिवट जंतू बीजासारखे टिकून राहतात, पण आंबटात ते डोकं वर काढू शकत नाहीत. पपई नुसती गोड, आंबटपणाच्या नावानं शून्य. तिला लिंबूसत्त्व घालावं लागतं. ती आंब्यात निम्मीशिम्मी मिसळली की राखणदार झोपलाच म्हणायचा, आणि हवाबंद डबा ही त्या जंतूंची आवडती जागा. हे सगळं मी पुढे शिकले. त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं की पपई संपली आणि घर मोकळं झालं.

एक गोष्ट मात्र मी केंद्रावर ऐकली होती. आत्या बाहेर पोचा आलेल्या डब्याची किंमत कमी करून मागत होती आणि मी आत पंख्याखाली उभी होते, तेव्हा बाई जमलेल्या बायकांना सांगत होत्या की घरी ठेवलेला डबा कधी फुगलेला दिसला तर तो उघडायचा नाही, वास घ्यायचा नाही, चाखायचा तर मुळीच नाही. लांब खड्डा करून पुरायचा. परतताना रिक्षात मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, आपले नाही फुगायचे. विषय संपला.

डबे माळ्यावर गेले, पत्र्याच्या अगदी खाली. सोलापूरच्या उन्हात त्या माळ्यावर पापड भाजून निघाले असते. शिडीवर फक्त आत्यानं चढायचं असा नियम होता, कारण आमच्यावर तिचा विश्वास नव्हता आणि तो नसण्याला सबळ कारणं होती. दर थोड्या दिवसांनी ती वर जायची, एकेक डबा कानाशी धरून हलवायची, झाकणावर अंगठा दाबायची आणि निवड करायची. तिची पद्धत तिला इतकी स्वच्छ कळलेली होती की तिनं ती आम्हालाही अभिमानानं समजावली होती. झाकण आत गेलेला डबा म्हणजे पोट खपाटीला गेलेला, आतला रस आटलेला, तो घरच्यांना. झाकण वर आलेला, हलवला तरी न खुळखुळणारा, म्हणजे ठासून भरलेला. तो पाहुण्यांसाठी मागे, चादरीखाली. त्यामुळे ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत आम्ही उपाशी डबे खाल्ले. उत्तम होते. म्हणजे बघा, झाकण नीट आत बसलेले, शुद्ध आंब्याचे, निर्धोक डबे आमच्या पोटात गेले, आणि बिघडलेले तेवढे आत्यानं मोठ्या मायेनं, दुसऱ्यांच्या तोंडी घालायला, जपून ठेवले. इतकी उलटी आणि इतकी शिस्तशीर चूक मी पुन्हा कुठल्याही स्वयंपाकघरात पाहिलेली नाही, आणि मी बरीच स्वयंपाकघरं पाहिली आहेत.

नवरात्र संपता संपता ताईला करमाळ्याचं स्थळ आलं. मुलगा श्रीकांत, तिथल्या बाजार समितीत हिशेबाच्या कामावर. तो आणि त्याचे काका बघायला आले, माग चालू होते, सगळे ओरडत होते. काका बाबांना ऊस आणि पावसाबद्दल काहीतरी सांगत होते, श्रीकांत ताईशी बोलत होता. तेवढ्यात वीज गेली आणि त्या शांततेत श्रीकांतचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "मला भाकरी थापता येते." काकांनी मान खाली घातली. ताई पोह्यांच्या बशा घेऊन आत आली आणि मांडणीला धरून इतकी हसली की दोन वाट्या खाली आल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली की हा जमला तर बरं, नाहीतर मला आता कुणाकडे बघायचंच नाही. ताईनं याआधी आलेल्या स्थळांना बघायच्या आधीच नाकं मुरडली होती. मला कळलं की हे खरं आहे.

पण ठरवणारी होती श्रीकांतची आई, सुमनबाई. त्या करमाळ्याला शाळेत शिकवायच्या, नवरा गेल्यावर मुलाला त्यांनीच वाढवलं होतं, आणि काका निघताना स्पष्ट बोलले होते की वहिनी येतील, बघतील, मगच काय ते. आत्या म्हणाली, जरूर आणा, दिवाळी होऊ द्या, आमरस-पुरीचं जेवण करू. काका चपला घालता घालता थांबले. कार्तिकात आमरस? आत्यानं फक्त हसून सांगितलं की आमच्याकडे मिळतो. ती बातमी काकांच्या आधी करमाळ्याला पोचली असावी. नंतर आलेल्या निरोपात येण्याचा दिवस कळवला होता आणि खाली लिहिलं होतं की वहिनींना आमरसाची फार उत्सुकता आहे.

त्या दिवशी सकाळपासून घराला पुरीच्या तेलाचा वास होता. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, तळलेल्या कुरडया. मामा मोडनिंबहून हजर झाला होता आणि सगळ्यांच्या पायांत येत होता. आईनं ताईला आपलं हिरवं इरकल नेसवलं. मला विड्याची पानं आणायला पिटाळलं. मी पानं घेऊन मागच्या दारानं आले तेव्हा पाहुणे बाहेरच्या खोलीत टेकले होते, बाबा ओरडून त्यांना पाणी विचारत होते. स्वयंपाकघरात ओट्यावर डबे ओळीनं मांडलेले. आत्यानं ते ओल्या फडक्यानं पुसले होते आणि प्रत्येकाच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं लावली होती. आणि ती झाकणं, सगळीच्या सगळी, गाल फुगवून बसली होती.

मला आधी हसू आलं, मग तो खड्डा आठवला. मी सांगितलं की आत्या, हे फुगलेत.

"भरलेत," आत्या म्हणाली.

मी केंद्रातल्या बाईंचं सांगितलं, खड्ड्याचं सांगितलं. आत्यानं हात झटकला आणि म्हणाली की त्यांना काय जातंय पुरा म्हणायला, त्यांचे थोडेच डबे आहेत. आईनं झारा हातात धरून म्हटलं, वन्सं, ती म्हणते तर एकदा बघा तरी. आत्यानं तिला पुरी करपतेय याची आठवण करून दिली. भिंतीपलीकडे माग पूर्ण भरात होते. आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उभ्या राहून गळा ताणून भांडत होतो आणि बाहेर कुणाला काही कळणार नाही याची आम्हाला खात्री होती. आत्यानं डबा फोडायचं यंत्र हातात घेतलं. मी तिचा पदर ओढला आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "आत्या, हे खाल्लं तर माणूस मरतं."

'माणूस' म्हणताना माग चालू होते. 'मरतं' म्हणेपर्यंत वीज गेली होती.

आपल्याच आवाजाला माझ्याइतकं घाबरलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. कढईत पुरी चुरचुरत होती तेवढंच काय ते. मग बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली आणि सुमनबाई दारात आल्या. बुटक्या, ताठ, मोहरीच्या रंगाची रेशमी साडी, नाकावर चष्मा. त्यांनी विचारलं, "कोण मरतं?"

"कुणी नाही हो," आत्या हसत म्हणाली. मी धाकटी असल्याचं, मला वाटेल ते बोलायची सवय असल्याचं तिनं सांगून टाकलं, आणि लगोलग त्यांना ओट्याशी बोलावलं. बघा तरी, कार्तिकातला आमरस. सुमनबाई खरंच पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद होता. महिनाभर त्या याची वाट बघत असणार. मी आईकडे बघितलं, आई कढईकडे बघत होती. आता पुढे काही बोलावं तर आमच्याच जेवणात विष आहे असं पाहुण्यांना सांगण्यासारखं होतं. न बोलावं तर ते विष वाढलं जाणार होतं. आत्यानं यंत्राचं टोक झाकणावर टेकवलं.

तेव्हा आतल्या खोलीच्या दारात ताई उभी होती, हातात पाण्याच्या पेल्यांचं तबक. तिनं माझ्याकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं. एवढ्या दिवसांत तिनं स्वतःला किती बजावलं होतं की त्या दिवशी मान खाली घालून बसायचं, विचारलं तेवढंच बोलायचं. तिनं तबक खाली ठेवलं.

"काकू," ती सुमनबाईंना म्हणाली, "ते उघडू देऊ नका. डबे खराब झालेत. आज आमरस नाही."

आईनं स्टोव्ह बंद केला. आत्याचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. कुणीतरी तिच्या हातातून शिवणाचं कापड ओढून फाडल्यासारखा. ती ताईला नुसतं "वंदे" म्हणाली. मग सावरली, आणि म्हणाली की माझ्या हातचं आजवर कधी खराब झालेलं नाही, आत्ता सगळ्यांसमोर दाखवते, आधी मी खाते, मग तुम्ही ठरवा. आणि कुणी काही करायच्या आत तिनं यंत्र दाबलं.

डब्यानं आधी एक लांब सुस्कारा टाकला. मग जे काही आत कोंडलं होतं ते सरळ वर गेलं. पत्र्यापर्यंत. तिथून ते खाली आलं, पुऱ्यांच्या परातीत, भाजीत, कोशिंबिरीत, आईच्या अंबाड्यावर, सुमनबाईंच्या मोहरी साडीवर आणि आत्याच्या चष्म्यावर. वास असा, की तुंबलेल्या मोरीत बसून कुणीतरी आंबा सोलावा. डब्याच्या तोंडातून केशरी फेस बुडबुडत राहिला. आत्या तशीच उभी होती, दोन्ही काचा केशरी, आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला. तिनं ठरवून काही केलं नसेल. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईचा हात तो, बोटाला काही लागलं की ते तोंडाकडे जाणारच.

सुमनबाईंनी तिचं मनगट पकडलं. घट्ट.

"मालूताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाही."

आमच्या घरात त्या स्वरात कुणी बोललेलं मी प्रथमच ऐकलं. त्या डब्यात नेमकं काय वाढलं होतं हे कुणी तपासलं नाही, त्यामुळे मीही छातीठोक सांगणार नाही. पण अशा डब्यांत जे विष होऊ शकतं ते चवीला कळत नाही आणि बोटावर मावेल एवढंही पुरतं, हे आज मला माहीत आहे. मनगट धरणाऱ्या बाईला तेव्हा ते माहीत नव्हतं. तिनं फक्त ताईच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

मग बाबा "काय झालं, काय झालं" करत आत आले आणि पत्र्याला चिकटून राहिलेला एक गोळा बरोबर त्यांच्या टकलावर पडला. पहिल्यांदा सुमनबाई हसल्या. ते हसू असं होतं की त्यांना ओट्याला टेकावं लागलं. मग आई, मग ताई, मग मी, मग दारातून डोकावणारा मामा, ज्याला काही माहीतच नव्हतं. श्रीकांत मागे उभा राहून आधी आईकडे, मग ताईकडे बघत हसत होता. फक्त आत्या हसत नव्हती.

हसता हसताच कामं सुरू झाली. सुमनबाईंनी आत्याचे हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, तोंड धुतलं, चष्मा धुतला. आईनं तिला न्हाणीघरात ढकललं. पुऱ्या, भाजी, कोशिंबीर, कुरडया, वर काही उडालेलं असेल-नसेल, सगळं उचलून टाकायला काढलं. आत्याच्या घरात एवढं अन्न एका वेळी पहिल्यांदाच फेकलं गेलं. डबा फोडायचं यंत्रही त्यातच. उरलेले डबे मी आणि ताईनं ओल्या चादरीत गुंडाळून, श्वास धरून, झोपलेलं मूल न्यावं तसे मागच्या पडीक जागेत नेले. मामानं कुदळ घेतली, श्रीकांतनं फावडं. "खोल जाऊ द्या पावनं," मामा सांगत होता, "कुत्र्यानं उकरता कामा न्हाय." खड्डा भरून झाल्यावर मामानं त्यावर एक धोंडा ठेवला आणि त्याला नमस्कार केला. श्रीकांतनंही केला.

घरात मी परत आले तेव्हा आत्या मागच्या पायरीवर बसली होती, आईची जुनी साडी नेसून, केस ओले. सुमनबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या अंगावरही आईचीच एक साडी, जरा लांब. आत्या खाली बघून म्हणत होती की मला कळतंय, इथे आता काही ठरायचं राहिलेलं नाही. तुम्ही मोकळ्या मनानं जा. पोरीचं त्यात काही नाही, धाकटी सांगत होती, मी ऐकलं नाही. आत्याला एवढं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं, आणि वीज अजून आलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू येत होता. दारामागे ताई उभी होती. तिनं माझा हात धरला होता आणि तो बधिर झाला होता.

सुमनबाईंनी वळून ताईला हाक मारली. ताई पुढे झाली, हिरव्या इरकलवर केशरी ठिपके, कपाळावर आलेली बट.

"आमच्या घरात मी चुकले," सुमनबाईंनी विचारलं, "तर असंच सांगशील?"

मला वाटलं ती आता नाही म्हणेल, शहाण्या मुली म्हणतात तसं.

"आधी बाजूला घेऊन सांगेन," ताई म्हणाली.

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर सगळ्यांसमोर."

सुमनबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आत्याला दंडाला धरून उठवलं आणि घरात काय उरलंय खायला असं विचारलं. आत्या गोंधळून म्हणाली, डब्यात कडक भाकरी आहे, चटणी आहे, झाकून ठेवलेलं दही आहे. मग वाढा, सुमनबाई म्हणाल्या, मला भूक लागलीय. आणि पायरीवरून मागच्या जागेकडे तोंड करून त्यांनी, अगदी आमच्या घरच्या आवाजात, मुलाला हाक मारली.

"श्रीकांत, साबणानं हात धू आणि जेवायला ये. इथं आपलं जमलंय."

श्रीकांत फावडं टाकून धावतच निघाला. आणि ताई, जिला तो सगळा दिवस मान खाली घालून बसायचं होतं, ती सासूच्या खांद्यावरून डोकावून ओरडली, "नखंसुद्धा."